सोन्यावरचा रेणवीय थर एप्रिलनंतर का गळू लागतो?

रत्नागिरीजवळ किनाऱ्यालगत असलेल्या आमच्या महाविद्यालयात एमएस्सीच्या प्रकल्पांसाठी सोन्याच्या इलेक्ट्रोडवर थायॉलचे (एका टोकाला गंधक असलेल्या कार्बनी साखळ्यांचे) स्वयंरचित, म्हणजे आपोआप रचले जाणारे, एका रेणूइतक्या जाडीचे थर बसवून त्यांतून इलेक्ट्रॉन कसे पलीकडे जातात, याचे मापन आम्ही काही वर्षांपासून करीत आहोत. एप्रिल सरत आला की हे थर दरवर्षी ‘गळू’ लागतात. डिसेंबरात ज्या कृतीने उत्तम थर मिळतो, तीच कृती, तीच बाटली आणि तेच हात असूनही मे महिन्यात थर विद्युतधारा अडवीत नाही, जून संपेपर्यंत हा त्रास टिकतो आणि श्रावण लागता लागता कोणी काही न करता नाहीसा होतो. या दोषाचा माग काढण्यात आमचे दोन उन्हाळे गेले. किनाऱ्यावरील अन्य प्रयोगशाळांतही हेच घडत असावे, असे वाटल्यामुळे हा तपास सविस्तर लिहीत आहे.

प्रथम लक्षण नेमके सांगतो. आमचा इलेक्ट्रोड म्हणजे २ मिलिमीटर व्यासाची सोन्याची चकती. उघड्या सोन्यावर १ मिलिमोलर पोटॅशियम फेरोसायनाइड घेऊन १०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद या वेगाने चक्रीय व्होल्टॅमेट्री (विभव, म्हणजे व्होल्टेज, वर-खाली फिरवत धारा मोजण्याची रीत) केली, तर सुमारे ७ मायक्रोअँपियर उंचीची परिचित शिखरे मिळतात. हाच इलेक्ट्रोड हेक्झाडेकेनथायॉलच्या (१६ कार्बनांच्या थायॉलच्या) १ मिलिमोलर इथेनॉल द्रावणात रात्रभर बुडवून ठेवला, की दुसऱ्या दिवशी शिखरे पूर्ण लोपावीत आणि आलेख जवळजवळ आडवा पडावा, अशी अपेक्षा असते. उन्हाळ्यात मात्र शिखरांच्या जागी मायक्रोअँपियरच्या घरातील, वर जाऊन सपाट होणारी नागमोडी रेषा उमटत असे. या आकाराकडे आम्ही बराच काळ दुर्लक्ष केले, आणि ती आमची पहिली चूक होती. इलेक्ट्रॉन खरोखर थराच्या जाडीतून जात असतील तर विभव वाढवीत नेल्यावर धारा घातांकी गतीने चढत राहते. ती मध्येच सपाट होत असेल, तर थरात विखुरलेली सूक्ष्म भोके स्वतंत्र सूक्ष्मइलेक्ट्रोडांसारखी वागत आहेत, असे समजावे.

थर किती अडवतो, याचा हिशेब

दोष शोधण्याआधी एक हिशेब मनात पक्का असावा, कारण तो नसल्यामुळेच आम्ही चुकीच्या ठिकाणी शोधत राहिलो. अल्केन साखळीतून (नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळीतून) इलेक्ट्रॉन टनेलिंगने जातो, म्हणजे अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही पलीकडे पोहोचतो. या क्रियेला मराठीत बोगद्याची उपमा देण्याची पद्धत आहे, पण कोकणात राहणाऱ्याला ती फसवू शकते. कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. तो दुप्पट लांब असता, तर गाडीला पार व्हायला साधारण दुप्पट वेळ लागला असता, एवढेच. इलेक्ट्रॉनला असा खोदलेला मार्ग नसतो. त्याच्या तरंगफलनाचे एक क्षीण शेपूट थराच्या पलीकडे पोहोचलेले असते, आणि साखळीत एकेक मेथिलीन गट (एक कार्बन आणि त्याचे दोन हायड्रोजन) वाढला, की संक्रमणाचा वेग प्रत्येक वेळी सुमारे एकतृतीयांशावर येतो. या क्षयाचा स्थिरांक अल्केन साखळ्यांसाठी प्रत्येक मेथिलीन गटामागे १ ते १.१ इतका मोजला गेला आहे.

आता १६ कार्बनांचा थर घ्या. १.१ ला १६ ने गुणले की १७.६ येतात, आणि घातांकात ते म्हणजे चार कोटींहून अधिक पटींची घट होय. याचा अर्थ असा, की दहा लाख भागांतला केवळ एक भाग सोने उघडे राहिले, तरी त्या एका भागातून वाहणारी धारा उरलेल्या संपूर्ण निर्दोष थरातून टनेलिंगने येणाऱ्या धारेच्या कित्येक पट असू शकते. भोकच पडायला हवे, असेही नाही. जेथे साखळ्या वाकून थर चार कार्बनांनी पातळ झाला आहे, तेथे वेग सुमारे ८० पट वाढतो. म्हणजे शंभरात एखादी अशी खाच असली, तरी ती एकटीच उरलेल्या नव्व्याण्णव जागांच्या तोडीची धारा वाहून नेते. म्हणून गळणाऱ्या थराचा आलेख आपल्याला थराविषयी फारसे काही सांगत नाही. तो सांगतो ते खाचांविषयी, आणि खाचा कोठे पडतील हे बहुतांशी खालचे सोने ठरवते. ही गोष्ट आम्हांला फार उशिरा उमगली.

बाटलीवर आलेला आळ

स्वाभाविकपणे पहिला संशय थायॉलच्या बाटलीवर गेला. थायॉल हवेत हळूहळू ऑक्सिडीकरण पावून डायसल्फाइड (गंधकांनी जोडलेली थायॉलची जोडी) बनते, हे खरे आहे. परंतु सोन्यावरील अशा थरांविषयीचे नझो आणि अलारा यांचे १९८३ मधील मूळ काम डायसल्फाइडांवरच होते, तेव्हा थोडे डायसल्फाइड झाल्याने सगळेच बिघडते असे मानता येत नाही. त्याची विद्राव्यता कमी असते आणि त्याचे कण पृष्ठभागावर चिकटून राहू शकतात, ही अडचण आहे. पण इथेनॉलने नीट धुतल्यास ती बरीचशी दूर होते. तरीही आम्ही नवी बाटली मागवली. त्याच सुमारास एका आखूड साखळीच्या थायॉलचे दोन थेंब ओट्यावर सांडले, आणि स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मिसळतात त्याच कुळातील हा वास असल्यामुळे शेजारच्या उपाहारगृहातून सिलिंडर बंद करा म्हणून ओरडा झाला. थर मात्र पूर्वीइतकेच गळत राहिले.

दमट हवेत बाटलीबाबत एक काळजी अवश्य घ्यावी. हेक्झाडेकेनथायॉल १८ ते २० अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे शीतकपाटात ते गोठलेले असते आणि आपल्या टेबलावर पातळ होते. बाटली थंड असतानाच उघडली, तर कोकणातील हवेतले बाष्प आत जमते. ती तासभर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी.

दुसरा संशय हवेवर होता, आणि तो अधिक काळ टिकला. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, खिडक्या उघड्या असतात, आणि नुसते स्वच्छ सोने उघड्यावर ठेवले तरी थोड्याच वेळात त्यावर सेंद्रिय मळ बसतो. शिवाय तयार झालेला थर प्रकाशात आणि हवेत उघडा राहिला, तर ओझोनमुळे सोन्याला धरून ठेवणारे गंधक सल्फोनेटपर्यंत ऑक्सिडीकरण पावते आणि अशी साखळी नुसत्या धुण्यानेही निघून जाते. हे सर्व खरे असूनही हवा आमच्या दोषाचे मूळ नव्हती. ऐन श्रावणात, भिंतींना ओल आणि काचेला बुरशी आलेली असताना, थर उत्तम बसत होते. दोष दमटपणाचा असता, तर तो तेव्हाच सर्वाधिक दिसायला हवा होता.

येथे पाण्याच्या थेंबाच्या चाचणीबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण तिने आमची बरीच दिशाभूल केली. मेथिल टोकांचा चांगला थर पाण्याला दूर लोटतो. अळवाच्या पानावर थेंब जसा गोलसर होऊन घरंगळतो, तसाच तो येथेही घरंगळतो, आणि स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) ११० अंशांच्या आसपास मिळतो. मे महिन्यातील गळणाऱ्या थरांवरही थेंब असाच घरंगळत होता. थेंब मिलिमीटरच्या मापाचा, तर खाचा नॅनोमीटरच्या. दहा लाखांत एक उघडी जागा त्याला जाणवण्याची शक्यताच नाही. ही चाचणी नापास झाली तर थर वाईट आहे हे निश्चित. उत्तीर्ण झाली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

मचूळ पाणी

खरा धागा आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी दिला. ऊर्ध्वपातन यंत्राला विहिरीचे पाणी लावले जाते, हे आम्हांला ठाऊक होते. ते मे महिन्यात कसे असते, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. एके दिवशी चहा पुढे करताना मामा म्हणाले, “सर, आजपासून चहाला नळाचं पाणी आणलंय. विहिरीचं मचूळ झालंय, दरवर्षी होतं तसं.” उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी शिरते. पहिल्या जोरदार पावसांनंतर विहीर पुन्हा गोडी होते. पण आमच्याकडे मेमध्ये भरून ठेवलेले ऊर्ध्वपातित पाण्याचे कॅन जूनअखेरपर्यंत पुरत असत. दोषाचे वेळापत्रक हवामानाशी जुळत नव्हते, ते कॅनशी तंतोतंत जुळत होते.

ऊर्ध्वपातनाने मीठ मागे राहते, हे शाळेत शिकवलेले विधान खरे असले, तरी त्यात यंत्र शांतपणे उकळत असल्याचे गृहीत धरलेले आहे. आमचे यंत्र धातूचे आणि जुने असून ते फेसाळत उकळते, आणि वाफेबरोबर पाण्याचे बारीक तुषार वाहून जातात. डिसेंबरातील पाण्याची संवाहकता प्रतिसेंटिमीटर २ ते ३ मायक्रोसीमेन्स होती. मेमधल्या कॅनची १४ भरली. मिठाचा प्रतिलिटर १ मिलिग्रॅम अंश संवाहकता सुमारे २ एककांनी वाढवतो, या हिशेबाने पाण्यात प्रतिलिटर सुमारे ६ मिलिग्रॅम मीठ होते, म्हणजेच क्लोराइडची तीव्रता ०.१ मिलिमोलरच्या आसपास होती. नायट्रिक आम्लाचा थेंब घालून सिल्व्हर नायट्रेट टाकताच परीक्षानळी किंचित धूसर झाली. ज्यांच्याकडे संवाहकतामापक नाही, त्यांनी निदान एवढी चाचणी काळ्या कागदासमोर धरून करावी. नळी स्वच्छ दिसली म्हणजे क्लोराइड मुळीच नाही असे मात्र समजू नये, कारण डोळ्याला न दिसणारे प्रमाणही सोन्याला पुरेसे असते.

एवढेसे क्लोराइड नेमके कोठे नडते? थर बसवताना नव्हे. गंधक सोन्याला इतके घट्ट धरते, की पृष्ठभागावर बसलेल्या क्लोराइडला थायॉल सहज हुसकावून लावते. नुकसान त्याच्या आदल्या पायरीत होते. इलेक्ट्रोड ॲल्युमिनाच्या भुकटीवर घासून झाल्यावर आपण याच पाण्यात केलेल्या ०.५ मोलर गंधकाम्लात विभवाचे फेरे देऊन सोन्यावर ऑक्साइडचा थर चढवतो आणि उतरवतो. आम्ल निर्मळ असेल, तर ऑक्साइड बनताना गेलेला विद्युतभार आणि तो उतरताना परत आलेला भार जवळजवळ सारखे असतात. क्लोराइड असेल, तर त्याच विभवाला सोन्याचा काही अंश क्लोरोऑरेट आयन (सोने व क्लोरीन यांचा संयुक्त आयन) होऊन विरघळतो, त्यातील थोडे उलट फेऱ्यात वेडेवाकडे परत बसते, आणि पृष्ठभाग प्रत्येक फेऱ्यागणिक खडबडीत होत जातो. रामन प्रकीर्णन (रेणू ओळखण्यासाठी मोजले जाणारे प्रकाशाचे विखुरणे) वाढवण्यासाठी धातूचा पृष्ठभाग मुद्दाम ओबडधोबड करायचा असतो, तेव्हा क्लोराइडच्या द्रावणात असेच फेरे देतात. आम्ही तीच क्रिया शुद्धीकरण समजून करीत होतो. थर नीट बसत नाही म्हणून विद्यार्थी अधिक निगुतीने दहाऐवजी पन्नास फेरे देत, आणि थर आणखीच गळे. त्यांच्या कष्टांबद्दल मी त्या काळात फारसे बरे बोललो नाही, याची आज खंत वाटते.

त्यामुळे आता आमच्याकडे थराची परीक्षा होण्याआधी सोन्याची परीक्षा होते. गंधकाम्लातील आलेखात ऑक्साइड उतरण्याचे शिखर सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या (विभव ज्याच्या तुलनेत मोजतात त्याच्या) मापाने ०.९ व्होल्टच्या आसपास, एकच आणि रेखीव आले पाहिजे. त्याखालील भार प्रतिचौरस सेंटिमीटर सुमारे ४०० मायक्रोकूलॉमने भागला, की खरे क्षेत्रफळ मिळते, आणि ते चकतीच्या भौमितिक क्षेत्रफळाच्या दीड-दोन पटींपेक्षा बरेच अधिक निघाले, तर इलेक्ट्रोड पुन्हा घासायला परत जातो. जाताना लागलेला भार परत येणाऱ्या भाराहून ठळकपणे मोठा दिसला, तर आम्ल ओतून द्यावे आणि पाण्याकडे वळावे.

पाण्यावर आमचा उपाय साधा आहे. विहिरीचे पाणी आधी आयनविनिमय स्तंभातून जाते, मग काचेच्या यंत्रात मंद आचेवर ऊर्ध्वपातित होते. सुरुवातीचा भाग आम्ही टाकून देतो, आणि प्रत्येक कॅनवर तारीख व संवाहकता लिहितो. पावसाचे पाणी धरून वापरावे, अशी एक सूचना आली होती. पण समुद्रावरून येणाऱ्या ढगांच्या पावसातही किनाऱ्यावर मीठ असते, म्हणून ती मोहक असली तरी मान्य केली नाही.

संदर्भ इलेक्ट्रोड

पाणी सुधारल्यावर दोष बराच कमी झाला, पण संपला नाही. उरलेल्याचे मूळ आम्ही स्वतःच आम्लात बुडवून ठेवत होतो. सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या पोटात पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण असते आणि त्याच्या टोकाची सच्छिद्र काच थोडी थोडी झिरपतच असते. तो अर्धा तास आम्लात उभा राहिला, तर स्वच्छ पाण्याने कमावलेले सगळे जाते. शुद्धीकरणाच्या पायरीसाठी मर्क्युरी–मर्क्युरस सल्फेटचा इलेक्ट्रोड वापरावा, अथवा मधे क्षारसेतू ठेवावा. सल्फेटच्या इलेक्ट्रोडवर सर्व विभव सुमारे ०.४४ व्होल्टने खाली सरकलेले दिसतात, तेव्हा १.५ व्होल्टची वरची मर्यादा साधारण १.०६ वर आणावी; ते विसरल्यास सोन्यावर जाड ऑक्साइड चढून नवेच कोडे उभे राहते.

फेरोसीन लावलेले थर

काही प्रकल्पांत साखळीच्या टोकाला फेरोसीन (इलेक्ट्रॉन सहज देणारा-घेणारा लोहयुक्त रेणू) असते, आणि तेथे प्रश्न गळतीचा नसून संकेत विझण्याचा असतो. वेगाचे खरे मापन याच थरांवर होते. मार्कस यांनी १९५६ पासून मांडलेला इलेक्ट्रॉन-संक्रमणाचा सिद्धांत, ज्यासाठी त्यांना १९९२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, इलेक्ट्रोडवर किती चपखल बसतो हे चिडसी यांनी १९९१ मध्ये अशाच फेरोसीन थरांवर दाखवले. १६ मेथिलीनांच्या साखळीसाठी त्यांना मिळालेला वेग प्रतिसेकंद एकाच्या आसपास आणि पुनर्रचना ऊर्जा (संक्रमणासाठी रेणू व भोवतालचे द्रावण जुळवून घेताना लागणारी ऊर्जा) सुमारे ०.८५ इलेक्ट्रॉनव्होल्ट होती.

आदर्श थरात दोन्ही शिखरे एकमेकांखाली येतात, त्यांची अर्ध्या उंचीवरील रुंदी सुमारे ९१ मिलिव्होल्ट असते आणि उंची विभव फिरवण्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. एका शिखराऐवजी दोन उंचवटे दिसू लागले, तर फेरोसीनची टोके दाटीने गोळा झालेली आहेत असे समजून साधे थायॉल अधिक मिसळावे. विभव फिरवण्याचा वेग वाढवल्यावर शिखरे दुरावतात ती टनेलिंगच्या मंदपणामुळे की द्रावणाच्या रोधामुळे, हे ठरवल्याशिवाय लाविरॉन यांच्या १९७९ च्या रीतीने (शिखरांमधील अंतरावरून) इलेक्ट्रॉन-संक्रमणाचा वेगांक काढू नये. विद्राव्य क्षाराची तीव्रता वाढवल्यावर अंतर घटले, तर दोष रोधाचा आहे.

संकेत दर फेऱ्याला विझत असेल, तर पुन्हा क्लोराइडच पाहावे. ऑक्सिडीकरण झालेले फेरोसीन, म्हणजे फेरोसीनियम, क्लोराइडच्या सान्निध्यात टिकत नाही. परक्लोरेटसारख्या आयनाबरोबर ते स्थिरावते. आमच्या एका विद्यार्थ्याने भाट्याच्या समुद्राचे पाणी गाळून विद्युतअपघटनी म्हणून वापरले. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. त्याचा थर दुपारच्या आत संपला, मात्र त्याची नोंदवही अत्यंत नेटकी होती आणि आज आम्ही ती इतरांना हा दोष ओळखण्यासाठी दाखवतो.

कसोटीच्या फेरोसायनाइड द्रावणाबद्दल एक शेवटची बाब. हे द्रावण आठवडाभर उजेडात राहिले, की त्यातून मुक्त सायनाइड सुटते, आणि सायनाइड सोने विरघळवते. विशेषतः अडथळा मापनासाठी इलेक्ट्रोड तासन्‌तास त्यात बुडालेला असेल, तर आपण भोके मोजत असतानाच नवी पाडत असतो. द्रावण रोज ताजे करावे, तपकिरी बाटलीत ठेवावे आणि गळती पाहून झाली की इलेक्ट्रोड लगेच बाहेर काढावा. ज्याला गळतीपेक्षा थराची घनताच पाहायची आहे, त्याने फेरोसायनाइड मुळीच न घालता नुसत्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजावी: उघड्या सोन्यावर ती प्रतिचौरस सेंटिमीटर काही दशक मायक्रोफॅरड असते आणि १६ कार्बनांच्या चांगल्या थरावर १ च्या आसपास येते. आमच्या चकतीवर, १०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद वेगाला, याचा अर्थ केवळ ३ नॅनोअँपियर होतो. ते मोजताना विजेची गुणगुण आड येऊ नये म्हणून संपूर्ण घट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा अर्थिंगला जोडावा.